तळघराची गळती आणि शेजारची विहीर : शहापूर, बेळगाव येथील एक प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या शहापूर भागात जुन्या गल्लीत साड्यांचं दुकान, वर राहतं घर आणि खाली तळघरात गोदाम. मूळचं घर जांभा दगडाचं होतं. ते पाडून २०१२ साली आरसीसी बांधणी झाली, तेव्हा तळघर खोदलं. आतून ४० फूट बाय २८ फूट, उंची साडेनऊ फूट, भोवतीने ९ इंची काँक्रीटची भिंत. समोर गल्ली आणि दगडी गटार, बाकी तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं. पूर्वेच्या घराशी जेमतेम दीड फुटाचा बोळ आहे आणि त्या घराच्या परसात पाण्याने भरलेली विहीर.

बेळगावात विहिरीचं नवल कोणाला वाटत नाही. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेली विहीर आजही लोक दाखवतात, आणि शहापुरातल्या जुन्या घरांत परसात विहीर नाही असं घर शोधावं लागतं. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी नळाला येतं, तरी धुण्याभांड्याला आणि आंघोळीला विहिरीचंच पाणी वापरणारी घरं अजून बरीच आहेत. हे शेवटचं वाक्य पुढे उपयोगी पडणार आहे.

मी स्थापत्य अभियंता. मूळ बांधकामाशी माझा संबंध नव्हता. मला बोलावलं ते ऑगस्ट २०२२ मध्ये, नागपंचमी होऊन गेल्यावर. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, इथेही तेच म्हणतो.

अडचण

दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतींना ओल आली होती. मग गिलावा खरवडून वॉटरप्रूफ पावडर घातलेला नवा गिलावा झाला. दोन वर्षांत त्याचे पापुद्रे सुटले आणि खालून पांढरा लोणा फुटला. त्यावर तेलरंग लावला, तोही फुगला. शेवटी कोणीतरी भिंतीपासून दोन इंच सोडून प्लायवूड ठोकून दिलं. दिसायचं बंद झालं, एवढंच.

ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत बळ्ळारी नाल्याकाठचा भाग पाण्याखाली गेला. अण्णांच्या गल्लीत पूर आला नव्हता, तरी तळघरात घोट्याएवढं पाणी साचलं. इरकलचे खालच्या रांगेतले गठ्ठे भिजले आणि काठांचा रंग अंगात उतरला. तेव्हापासून दर पावसाळ्यात खालचे दोन खण रिकामे ठेवायचे आणि कोपऱ्यातलं पाणी टमरेलाने भरून बादलीने वर न्यायचं, असा रिवाज पडला होता.

मी गेलो त्या दिवशी प्लायवूड काढायला लावलं. आत बघतो तर फरशीच्या वर सहा इंचांवर, चारही भिंतींना कमरपट्टा बांधावा तसा ओला पट्टा, आणि त्यातून जागोजागी बारीक झिरपे. हा किकरचा जोड. पाया भरताना भिंतीचा सहा इंचांचा खालचा भाग आधी ओततात, वरची भिंत नंतर. त्या जोडात वॉटरस्टॉपची पट्टी घालायला हवी, इथे ती नव्हती. पूर्वेच्या भिंतीत त्या जोडाच्या लगतच वर दोन ठिकाणी काँक्रीट मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ होतं. वरून नऊ-दहा फुटांवरून घमेली ओतली की खडी खाली जाते आणि सिमेंटचा रस सळ्यांना अडकतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात काँक्रीट दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून सोडू नये असं लिहिलेलं आहे. नकाशावर एम-२० ताकदीचं काँक्रीट होतं. त्याच मानकाप्रमाणे भूजलाला लागून असलेल्या आरसीसीला किमान एम-२५ लागतं.

छिन्नीने पोकळ भाग फोडला आणि ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारला. चांगलं काँक्रीट लगेच गुलाबी होतं. इतरत्र वरचा पाऊण इंच सोडला तर आत गुलाबी रंग आला, त्या दोन जागांवर सळईपर्यंत कुठेच रंग चढला नाही. सळ्या गंजल्या होत्या, पण पापुद्रे घासल्यावर जाडी बरीचशी शाबूत निघाली. भिंत पडायला आली नव्हती. ही बातमी अण्णांना आधी सांगितली, कारण रात्री झोप लागत नाही असं ते म्हणत होते.

पाणी कुठलं?

तळघरात पाणी चार वाटांनी येऊ शकतं: फुटलेला नळ, सांडपाणी, गटारातून मुरणारं पावसाचं पाणी, आणि भूजल. मला पहिल्यापासून भूजलाचा संशय होता. शेजारच्या विहिरीचं पाणी रोज मोजायचं ठरवलं.

हे काम अण्णांच्या सूनबाईंनी अंगावर घेतलं. टेपच्या टोकाला तराजूचं वजन बांधून रोज सकाळी सात वाजता काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायचं. विहिरीचा काठ आणि तळघराची फरशी यांचा मेळ घालायला मेस्त्रींनी पाण्याची पारदर्शक लेव्हल-नळी घेतली. परसातून बोळात, बोळातून जिन्यावरून खाली, दोन टप्प्यांत पातळी उतरवली. फरशी विहिरीच्या काठापासून ११ फूट ४ इंच खाली निघाली. १९ ऑगस्टला विहिरीत पाणी काठापासून ७ फूट १० इंचांवर होतं. म्हणजे शेजारचं पाणी अण्णांच्या फरशीपेक्षा साडेतीन फूट वर उभं होतं. भिंतीवरची ओलीची रेघही बहुतेक ठिकाणी साडेतीन फुटांवरच होती.

हिशेब जुळला म्हणून मी खुशीत होतो. एकच जागा त्यात बसत नव्हती. ईशान्येच्या कोपऱ्यात ओल सात फुटांपर्यंत चढली होती. भूजल स्वतःच्या पातळीच्या वर चढून गळत नाही. मी त्या पाण्यात क्लोरीनची चाचणी केली, थेंब टाकल्यावर रंग आला नाही. नळाचं पाणी नाही असं ठरवलं आणि गटाराचा पाझर असेल म्हणून वहीत लिहून टाकलं.

दहा-बारा दिवसांनी सूनबाई म्हणाल्या, "सर, तो कोपरा पाऊस नसला तरी भिजतो. सकाळी आठ-नऊला भिजतो आणि दुपारी सुकत येतो." मी म्हटलं, असेल. खरं सांगायचं तर नीट ऐकलं नाही. चार दिवसांनी त्यांनी त्या कोपऱ्यातलं पाणी बाटलीत धरून ठेवलं होतं. माझ्यासमोर बाटली खळखळून हलवली. वर दोन बोटं फेस आला आणि बराच वेळ बसला नाही.

साबण होता. बोळापलीकडे शेजारच्या आक्कांची नहाणी होती आणि आक्का विहिरीच्या पाण्याने आंघोळ करायच्या. त्या पाण्यात क्लोरीन येणार कुठून? माझी चाचणी बरोबर होती, तिच्यावरून काढलेला अर्थ चुकला होता. खात्री म्हणून मोरीत फ्लोरोसीन हा रंग विरघळवलेली बादली ओतली. ५० मिनिटांनी कोपऱ्यात हिरवट-पिवळी झाक उतरली. म्हणजे पाण्याची वाट एक नसून दोन होत्या.

पहिला निर्णय : शेजाऱ्यांकडे कोणी जायचं?

हा तांत्रिक प्रश्न नव्हता, पण सगळ्यात अवघड हाच ठरला. २०१२ मध्ये खोदकाम चालू असताना आक्कांच्या जांभ्याच्या भिंतीला तडा गेला होता आणि तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं जेवढ्यास तेवढं. विहीर मोजायला परवानगी मिळाली तीही सूनबाईंमुळे. तुमची मोरी आमच्याकडे गळते असं अण्णांनी जाऊन सांगितलं असतं तर विहिरीचं दारसुद्धा बंद झालं असतं.

मी आणि मेस्त्री गेलो. आक्का पहिल्यांदा म्हणाल्या तेच, "तुमी खणला तेव्हा माझी भिंत तडकली, आता आणि काय खणायला आलासा?" खणणार नाही असं सांगितलं. मोरीचा निचरा नवीन पाइप टाकून थेट चेंबरला जोडून देतो, खर्च अण्णांचा, आणि तुमच्या तड्यावर काचेच्या पट्ट्या बसवून देतो. आमच्या कामामुळे भिंत हलली तर काच फुटेल आणि तुम्हाला पुरावा मिळेल. काचेची गोष्ट त्यांना पटली. चार पट्ट्या बसवल्या आणि प्रत्येकीवर तारीख लिहिली. नोव्हेंबरमध्ये मोरीचं काम झालं, ३८ हजार रुपये लागले. महिन्याभरात तो कोपरा सुकला.

अण्णांच्या धाकट्या भावाला हा खर्च मुळीच मान्य नव्हता. दुसऱ्याची मोरी आपण का बांधायची? त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण दावा लावला असता तर मोरी दुरुस्त व्हायला किती पावसाळे लागले असते, ते बेळगावात कोणाला सांगायला नको.

पर्याय

उरलं भूजल. समोर पाच वाटा होत्या.

बाहेरून खणून भिंतीच्या पाण्याकडच्या अंगाला लेप देणं हा पुस्तकातला उत्तम उपाय, कारण पाण्याचा दाबच लेप भिंतीवर दाबून धरतो. दीड फुटाच्या बोळात दहा फूट खणणं म्हणजे आक्कांचं उथळ पायाचं घर पाडणंच. हा पर्याय पाच मिनिटांत संपला.

दुसरा, आतून लेप. एका विक्रेत्याने आठ दिवसांत काम आणि दहा वर्षांची हमी असं सांगितलं होतं. अण्णांना हा पसंत होता आणि मला अर्धवट पसंत होता: जोडात इंजेक्शन, म्हणजे दाबाने रेझिन भरायचं, वरून क्रिस्टलाइन लेप, की भिंत बंद. ऑक्टोबरपर्यंत माझ्या वहीत हाच उपाय लिहिलेला होता.

मग फरशी किती जाड आहे ते बघायला मी दोन इंचांचं भोक पाडायला सांगितलं. नकाशावर तळाला राफ्ट, म्हणजे तळभर सळ्या घातलेला जाड काँक्रीटचा थर, दाखवलेला होता. चार इंचांवर ड्रिल खचकन आत गेलं आणि पोराने मशीन बाहेर ओढलं तसं भोकातून पाणी भळाभळा वर आलं. पोरगं हुबळीकडचं. ते मागे उडी मारून ओरडलं, "नीर बंत री, सर!" (पाणी आलं!) राफ्ट नव्हताच. सोलिंगवर, म्हणजे रचलेल्या दगडांच्या थरावर, चार इंच साधं काँक्रीट आणि वर फरशी. भोकात पारदर्शक पाइप उभा करून कडा बंद केल्या. पाइपात पाणी फरशीच्या वर १ फूट ११ इंचांवर येऊन थांबलं. त्या दिवशी विहीर फरशीच्या २ फूट २ इंच वर होती.

इथे सगळा विचार बदलला. साडेतीन फूट पाणी म्हणजे फरशीच्या प्रत्येक चौरस फुटाला खालून १०० किलोच्या आसपास रेटा. चार इंच काँक्रीट आणि वरची फरशी मिळून वजन फार तर ३०-३५ किलो. मग इतकी वर्षं फरशी उचलली कशी गेली नाही? कारण भिंतीचे जोड आणि फरशीच्या कडा गळत होत्या, दाब तिथून मोकळा होत होता. ज्या गळतीला सगळे शिव्या देत होते तीच फरशीला धरून होती. भिंत आणि कडा पक्क्या बंद केल्या असत्या तर पुढच्या जुलैत मधली फरशी फुगून फुटली असती. हे अण्णांना आकड्यांत पटेना. सूनबाईंनी घागर आणली, पाण्याने भरलेल्या टबात रिकामी घागर तळाकडून दाबली आणि हात सोडायला सांगितलं. घागर उसळून वर आली. "आपलं गोदाम ही घागर," त्या म्हणाल्या. मला अर्धा तास लागला असता.

तिसरा पर्याय मग आपोआप आला: आतून नवा राफ्ट आणि भिंती, डब्यात डबा. नुसत्या वजनावर रेटा झेलायचा तर आणखी फूटभर जाड काँक्रीट लागत होतं, तेही सुरक्षिततेसाठी काहीच जास्त न धरता. खांबांना जोडून जाडी कमी करता आली असती, पण ११ लाखांचा अंदाज, तीन महिने दुकान अर्धं बंद आणि उंचीत फुटाची घट.

चौथा, पाणी अडवायचंच नाही. फरशीखालचं पाणी कडेच्या चरातून खड्ड्यात घ्यायचं आणि पंपाने बाहेर टाकायचं. भिंतीतून येणारं तेवढं इंजेक्शनने बंद करायचं. यात पंप कायमचा गळ्यात पडतो.

पाचवा धाकट्या भावाचा: तळघर मुरमाने भरून टाका, गोदाम दुसरीकडे भाड्याने घ्या. अशा वेळी लोक हा पर्याय बोलायलाही लाजतात. मी त्याचा हिशेब मांडून दिला होता. शहापुरात चालत जाण्याच्या अंतरावर गोदाम मिळालं असतं तर कदाचित तोच झाला असता. मिळालं नाही. चौथा पर्याय ठरला.

काम

फेब्रुवारी ते एप्रिल २०२३. भिंतींच्या आतल्या कडेने फरशी नऊ इंच रुंद कापली, सोलिंगपर्यंत खाली गेलो. त्यात जिओटेक्स्टाइल (माती गाळणारं कापड) गुंडाळलेला तीन इंची भोकांचा पाइप १०० ला १ उतारावर, भोवती धुतलेली २० मिमी खडी, वर काढता येतील अशा शहाबादी फरश्या. वायव्य कोपऱ्यात तीन फूट बाय तीन फूट बाय तीन फूट खड्डा, त्यात अर्ध्या अश्वशक्तीचे दोन पंप, दोघांना वेगवेगळा फ्लोट स्विच आणि दुसरा चार इंच वर, म्हणजे पहिला अडला तरच तो चालू होईल.

पाणी उपसताना जमिनीतली बारीक माती ओढली गेली तर शेजारचे पाये खचतात, ही धास्ती खरी असते. म्हणून पावसाळाभर खड्ड्यातलं पाणी आठवड्याला एकदा काचेच्या बरणीत भरून चोवीस तास ठेवायचं. पहिल्या आठवड्यात तळाला करंगळीच्या नखाएवढा गाळ बसला, तिसऱ्या आठवड्यापासून नुसती धूळ. आक्कांकडच्या चारही काचा शाबूत राहिल्या.

पोकळ काँक्रीट पूर्ण काढून सळ्या घासल्या, झिंक प्रायमर लावला आणि फर्मा ठोकून मायक्रोकाँक्रीट ओतलं. यात सांगण्यासारखं विशेष काही नाही, नीट केलं की होतं.

इंजेक्शन कधी करायचं यावर मात्र वाद झाला. ठेकेदाराला एप्रिलमध्ये करायचं होतं, अण्णांनाही. कोरड्या भिंतीत गळती कुठे आहे ते दिसत नाही आणि पॉलियुरेथेन फोम पाण्याशी भेटल्यावरच फुगतो. मी जुलैपर्यंत थांबायला लावलं. दुसरा प्रश्न रेझिनचा. पाणी पिऊन जेलसारखं फुगणारं स्वस्त होतं. पण ही भिंत चार महिने ओली आणि आठ महिने कोरडी असते, मे महिन्यात विहीर काठापासून ३१ फूट खाली जाते. असं जेल सुकलं की आकसतं. म्हणून पाणी न धरणारा, बंद पेशींचा फोम घेतला.

जोडापासून साडेचार इंचांवर, ४५ अंशांत १२ मिमीची भोकं, एकदा जोडाच्या वर, एकदा खाली, आठ-आठ इंचांवर. ९ इंची भिंतीत असं भोक बरोबर मध्यावर जोडाला छेदतं. सळई लागली की भोक थोडं सरकवायचं. भोकांत पॅकर (रेझिन आत सोडायच्या तोट्या) बसवून हातपंपाने एका टोकापासून सुरुवात. पंपाच्या दोन-तीन दांड्या मारल्या की जोडातून आधी पाणी जोरात येतं, मग दुधासारखं पांढरं, मग पिवळसर फेस, आणि फेस येता येताच घट्ट होतो. शेजारच्या पॅकरमधून फेस डोकावला की तिकडे सरकायचं. पाच दिवस, ९६ हजार.

पहिली दोन वर्षं

२०२३ च्या सप्टेंबरात मी काम यशस्वी म्हणून बिल दिलं. भिंती कोरड्या, फरशीतल्या पाइपात पाणी तीन इंच, बाहेर विहीर फरशीच्या २ फूट ४ इंच वर.

इथे माझी चूक. २०२३ हे दुष्काळाचं वर्ष होतं. जून कोरडा, जुलै चांगला, ऑगस्ट पुन्हा कोरडा, आणि पुढे कर्नाटक सरकारने बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर केले. विहीर २ फूट ४ इंचांच्या वर चढलीच नाही, म्हणून त्याच्या वरची भिंतीतली जुनी भोकं गळलीच नाहीत आणि आम्हाला दिसलीही नाहीत. सूनबाईंच्या वहीत २०२२ चा साडेतीन फुटांचा आकडा समोर होता. मी पान उलटून बघितलं असतं तरी पुरे होतं.

जुलै २०२४ मध्ये धो धो पाऊस झाला, विहीर ३ फूट १० इंचांवर गेली आणि पूर्वेच्या भिंतीवर अडीच ते पावणेचार फुटांच्या पट्ट्यात सात नवे झिरपे लागले. बहुतेक जुन्या शटरिंगच्या तारांची भोकं, कागद आणि सिमेंट कोंबून बुजवलेली. दुसरी फेरी करावी लागली, ४१ हजार. ठेकेदाराने पहिल्या कामाची हमी दाखवून पैसे घेऊ नयेत असं अण्णांचं म्हणणं होतं. मी ठेकेदाराच्या बाजूने बोललो. त्याला दाखवलेली भोकं त्याने बंद केली होती, दाखवायची राहिली ती माझ्याकडून.

त्याच महिन्यात आणखी दोन गोष्टी झाल्या. एका रात्री तीन तास वीज गेली आणि सकाळी फरशीवर दोन इंच पाणी. इन्व्हर्टर आधीच घ्यायला हवा होता. मी तो अंदाजात धरला होता आणि अण्णांनी नंतर बघू म्हटल्यावर सोडून दिला होता. ज्या पावसात पाणी चढतं त्याच पावसात वीज जाते, हे बेळगावात राहणाऱ्या माणसाने गृहीत धरायला पाहिजे.

दुसरी गोष्ट सूनबाईंनीच धरली. पंप दर अकरा मिनिटांनी चालू होत होता, पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी. पंपाचं पाणी आम्ही दारासमोरच्या दगडी गटारात सोडत होतो. गटाराच्या सांध्यांतून ते मुरत होतं आणि भिंतीकडून पुन्हा चरात येत होतं. आम्ही तेच पाणी फिरवत बसलो होतो. चाळीस फूट पाइप वाढवून कोपऱ्यावरच्या मोठ्या गटारात सोडल्यावर पंप तासाला एक-दोनदाच चालू होऊ लागला.

एकूण खर्च, माझी फी सोडून: शेजारची मोरी ३८ हजार, चर, खड्डा आणि भिंतीची दुरुस्ती १ लाख ८५ हजार, पंप आणि इन्व्हर्टर ५२ हजार, इंजेक्शनच्या दोन फेऱ्या १ लाख ३७ हजार. मिळून ४ लाख १२ हजार.

वेगळं काय करता आलं असतं

फरशीचं भोक पहिल्या आठवड्यातच पाडायला हवं होतं. दोन महिने मी भिंतीकडे बघत राहिलो, कारण पाणी भिंतीवर दिसत होतं आणि नकाशावर राफ्ट होता. नकाशावर विश्वास ठेवून आतून लेप दिला असता तर फरशी फुटल्याचा दोषही लेपावरच गेला असता.

इंजेक्शनचा करार दोन पावसाळ्यांचा करायला हवा होता, रक्कम सुरुवातीलाच दोन भागांत: पहिला हप्ता दिसणाऱ्या गळतीचा, दुसरा विहीर साडेतीन फुटांच्या वर गेल्यावर दिसणाऱ्या गळतीचा. हल्ली मी तसाच करार लिहितो. तारखेऐवजी विहिरीची पातळी लिहिलेली बघून ठेकेदार आधी हसतात.

आणि ती फेसाची बाटली. सूनबाईंनी कोपऱ्याबद्दल पहिल्यांदा सांगितलं ते ऑगस्टच्या शेवटी. मी तेव्हाच ऐकलं असतं तर मोरीचं काम दिवाळीच्या आधी झालं असतं.

सध्या जिन्याखालच्या भिंतीत एक झिरपा आहे. विहीर साडेतीन फुटांच्या वर गेली की त्यातून दिवसाला पेलाभर पाणी येतं आणि खालच्या चरात जातं. ठेकेदार तो बंद करायला तयार आहे. तिथे ड्रिल धरायचं तर जिन्याच्या स्लॅबची सळई कापली जाण्याची भीती आहे, म्हणून मी नको म्हटलं. विहिरीची वही चालू आहे. आता आकडा आक्का स्वतः मोजतात आणि बोळातून ओरडून सांगतात.